मरुदूरणीच्या देवळातली पाल

हे कुणी खरं मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घरात कुणी मानत नाही, चहाच्या टपरीवर मानत नाहीत, आणि ज्या देवासमोर हे घडलं तो अय्यनारही अजून माझ्या बाजूनं बोललेला नाही. तेव्हा तुमच्यावर माझी जबरदस्ती नाही. पण त्या शुक्रवारी मरुदूरणीच्या देवळात पाल आपली आपण चुकचुकली. ती मी नव्हतो.

'मी नव्हतो' हे इतकं ठासून का सांगावं लागतं, तेही सांगतो. या वयात लपवून काय करायचंय.

आम्ही वेळार, म्हणजे कुंभार. पण मडकी हा आमचा जोडधंदा, खरं काम घोड्यांचं. अय्यनारला गावाभोवती फिरायला घोडे लागतात, ते मातीचे लागतात आणि दर वर्षी नवे लागतात. उमेदीत मी असा एक घोडा केला होता की तो देवळात उभा केल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या कीळैयूरची माणसं तक्रार घेऊन आली. त्यांची नाचणी कुणीतरी खाल्ली होती. घोड्याच्या ओठाला चिकटलेले दाणे मी स्वतः पुसले. असो.

घोडे हवेत म्हणून कुणी नुसतं येऊन सांगत नाही. चित्तिरै महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी सगळं गाव देवळात जमतं. देव इथं कसा आला ती कथा आधी वेळारानं सांगायची. मग सगळ्यांनी गप्प बसून पालीची वाट बघायची. गाभाऱ्यात पाल चुकचुकली की देवाचा होकार झाला. मग गावचा अंबलम, म्हणजे ज्याच्या शब्दावर गाव चालतं तो, देवामागच्या वारुळाची मूठभर माती घेतो आणि वेळाराच्या ओंजळीत टाकतो. ती मूठ आपल्या मातीत मिसळायची आणि घोडे घडवायचे. मूठ ज्याला मिळाली त्याचेच घोडे. आणि एकदा ओंजळीत पडलेली मूठ परत घेता येत नाही. अंबलमलाही नाही.

आता पाल काही गावची नोकर नाही. तिला वाटलं तर चुकचुकेल, नाहीतर झोपून राहील. म्हणून माझ्या वडिलांनी मला आधी चाक शिकवलं, मग घोड्याचे पाय शिकवले, आणि मरायच्या आदल्या दिवशी पाल शिकवली. चाळीस वर्षं त्या देवळात देव माझ्या तोंडून होकार देत आला. ओठ हलायचे नाहीत. पण त्याला वरचे पुढचे दोन दात लागतात, आणि ते दोन्ही यंदाच्या पोंगलला उसात राहिले. तेव्हा यंदा पाल गप्प बसणार, हे मला तीन महिने आधीपासून ठाऊक होतं.

एवढंच असतं तर कसंही निभावून नेलं असतं, पण दुसरी भानगड हातांची होती. सहा वर्षांपूर्वी माझे हात थरथरायला लागले. चहाचा पेला उचलला की अर्धा तोंडात आणि अर्धा धोतरावर. माझा मुलगा वीरणन तेव्हाच तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात निघून गेला होता. त्याला माती म्हणजे घाण वाटते. घरात उरलो मी आणि सून मुत्तुपेच्ची. एक दिवस मी घोड्याचा पुढचा पाय चाकावर घेतला आणि तो माझ्या हातात असा वाकला, जणू घोडा नमस्कार करतोय. मुत्तुपेच्ची चिखल तुडवत होती. ती तुडवायची थांबली.

"मामा, तुम्ही बसा. पाय मी बघते."

"कुणाचे?"

"घोड्याचे. तुमचे कशाला बघू."

बाईनं चाकाला हात लावायचा नाही, आणि देवाच्या घोड्याला तर नाहीच, असा आमच्यात दंडक आहे. मी तोंड फिरवून बसलो. परत वळलो तेव्हा पाय उभा होता, आणि तो माझ्या पायाहून, म्हणजे मी केलेल्या पायाहून, चांगला होता. तेव्हापासून सहा वर्षं झावळ्यांच्या आडोशामागे तीच घोडे घडवते. मी सकाळी हाताला चिखल फासतो आणि टपरीवर जाऊन कंबर दुखते म्हणून सांगतो.

वीरणनचा आठवड्याला एकदा फोन येतो. "यंदा मूठ मिळाली नाही तर तिला बसमध्ये बसवून द्या," असं त्यानं मला दोनदा बजावलं. मी मुत्तुपेच्चीला विचारलं, "जाशील?"

ती म्हणाली, "एकदा जाऊन आलेय की. तिथं सगळं सुती. हाताला काही चिकटत नाही, मामा."

तिचं सगळं त्या मुठीत होतं.

त्या शुक्रवारी आम्ही देवळात पोचलो तेव्हा गाव जमलं होतं, आणि घोड्यांच्या रांगेपाशी राक्कप्पन उभा होता. राक्कप्पन माझ्या चुलत्याचा मुलगा, कीळैयूरला असतो, तोही वेळार. त्याचे घोडे मी पाहिलेत. त्यांवर बसून देव एकदाच फिरला असेल, मग पाठ धरली असेल.

"या अण्णा, या," तो म्हणाला. आवाजात गूळ होता. "तुमचीच वाट बघत होतो. घोड्यांना बांगड्या कधीपासून भरायला लागलात?"

गेल्या वर्षीच्या घोड्याचा चुना पावसानं धुऊन निघाला होता. मानेच्या मागे, जिथं घडवताना मनगट टेकतं, तिथं मातीत एक वाटोळी खूण भाजून पक्की झाली होती. शेजारी दुसरी. राक्कप्पननं बायकोची काचेची बांगडी आणली होती. ती त्यानं त्या खुणेत टेकवून गावाला दाखवली. बांगडी थोडी मोठी होती, पण खूण कसली ते लहान पोरालाही कळलं असतं.

"लगामाची कडी आहे ती," मी म्हणालो.

"लगाम मानेच्या मागून?"

"देव कधीकधी उलटा बसतो."

लोक हसले. अंबलम सेवुगन हसला नाही. तो पन्नाशीचा, शांत माणूस. त्याला राग आला की तो आणखी शांत होतो.

"तात्ता, जरा हात दाखवा बघू," तो मला म्हणाला. आमच्यात आजोबांना तात्ता म्हणतात.

मी हात काखेत घातले. "मुठीच्या आधी वेळार हात दाखवत नाही. तसा नियम आहे."

"हा नियम कधीचा?" मागून आवाज आला.

ती पेरियनायगी, अंबलमची आत्या. सगळं गाव तिला अप्पत्ता म्हणतं. ऐंशी कधीच उलटली. तोंडात एकही दात नाही, म्हणून मांडीवर लोखंडी खल घेऊन पान कुटत बसते. तिचा कुणावर विश्वास नाही. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघते, देवळातला नारळ कानाशी हलवून मगच घेते. नवरा गेला तेव्हा तिनं त्याच्या नाकाशी तीनदा हात धरला, आणि वाटेत तिरडी थांबवून आणखी एकदा.

"जुना आहे, अप्पत्ता," मी म्हणालो.

"मी त्याहून जुनी आहे. मला ठाऊक नाही."

अंबलमनं हात वर केला. "आधी कथा होऊ दे. कथेवाचून मूठ नाही. मग बघू. राक्कप्पनही त्याच रक्ताचा आहे, मूठ त्याला गेली तरी देवाची हरकत नसावी. ज्यानं घोडे घडवलेच नाहीत त्याला मात्र ती देणार नाही. आणि बाईच्या हाताचा घोडा देवापुढे उभा राहिला असेल, तर त्याचंही काय ते बघावं लागेल."

बायकांच्या घोळक्यात मुत्तुपेच्ची उभी होती. तिनं पदर मनगटांवर ओढून घेतला. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी गाभाऱ्यासमोर बसलो. आता हे नीट ऐका. या कथेत एक भोक आहे. मी नऊ वर्षांचा असताना मला ते दिसलं होतं. वडिलांना विचारलं, तर त्यांनी उत्तर कानाखाली दिलं. पुढे मी स्वतः कथा सांगायला लागलो तेव्हा दर वर्षी ते भोक लिंपून घ्यायचो. त्या जागी आवाज चढवायचा, हात उडवायचे आणि ऐकणाऱ्याला पुढे ढकलायचं. त्या दिवशी लिंपलं नाही. आणि बाकीचं गाव सोडून मी अप्पत्ताकडे तोंड करून बसलो.

"तेव्हा इथं गाव नव्हतं," मी सुरुवात केली. "ताड होते, काटेरी झुडपं होती आणि हे तळं होतं. तळ्याकाठी दोनच घरं. एक पेरियकरुप्पन अंबलमचं, त्याच्याकडे गाय होती. दुसरं कुप्पन वेळारचं, त्याच्याकडे भट्टी होती आणि बायको होती."

"गाय कशी होती ते सांगा," कुणीतरी म्हणालं. हे दर वर्षी म्हणतात.

"तांबूस. धार काढायला बसलेला माणूस उठेपर्यंत त्याची दाढी वाढायची, एवढं दूध. दोन घरं पिऊन उरलेलं तळ्यात सोडायचे. आपल्या तळ्याचं पाणी अजून पांढुरकं आहे ते उगाच नाही."

"शेवाळं आहे ते," अप्पत्ता म्हणाली आणि पान कुटत राहिली.

"एक दिवस संध्याकाळी गाय घरी आली ती कोरडी. सडाला थेंब नाही. दुसऱ्या दिवशी कोरडी. तिसऱ्या दिवशी कोरडी. अंबलमला संशय आला, कुणीतरी वाटेत दूध काढून घेतंय. त्यानं घरं मोजली. दोन भरली. त्यातलं एक त्याचं स्वतःचं. मग चोर शोधायला फार वेळ लागला नाही."

इथं लोक हसतात. हसले.

"अंबलम कुप्पनकडे गेला. म्हणाला, तोंड उघड. कुप्पननं उघडलं. जिभेवर पांढरं. कुप्पन म्हणाला, ताडी आहे ही. अंबलम म्हणाला, पांढरं ते पांढरं. आणि त्यानं गाईच्याच दोरानं कुप्पनला समोरच्या चिंचेला बांधलं. तीन गाठी मारल्या."

सेवुगन अंबलमची मान ताठ झाली. हा त्याच्या घरचा आवडता भाग. तो दोर अजून गाभाऱ्यात खुंटीला टांगलेला आहे, आणि दर वर्षी अंबलमच्या घरातला माणूस त्या तीन गाठींना हळद लावतो. मी त्याच्याकडे वळलो.

"किती दिवस बांधून ठेवला होता? माझं म्हातारपण, विसरायला होतं. दोन की तीन?"

"तीन," अंबलम म्हणाला. "आमच्याकडे तीनच सांगतात."

"रात्री सोडायचे का त्याला?"

"सोडतील कशाला? चोर होता तो."

"आणि गाठी? त्यानं हिसका देऊन..."

"अंबलमांची गाठ हिसक्यानं सुटत नाही, तात्ता. आत बघा. अजून तशाच आहेत."

"हो, तशाच आहेत," मी म्हणालो. "तर कुप्पन तीन दिवस चिंचेला बांधलेला. भट्टी थंड पडत चालली. माती संपली. तिसऱ्या दिवशी सकाळी..." इथं मी आवाज चढवतो. त्या दिवशी उलट उतरवला आणि एकेक शब्द सुटा ठेवला. "तिसऱ्या दिवशी सकाळी कुप्पन वेळार कुदळ घेऊन तळ्यावर माती आणायला गेला."

गाव माना डोलवत होतं. राक्कप्पन बांगडीशी चाळा करत होता. अप्पत्ताचा खल वाजत होता. मी थोडा थांबलो. काही झालं नाही. पुढे जावं लागलं.

"तिथं वारुळापाशी गाय उभी. सडातून दुधाच्या चार धारा आपोआप वारुळावर पडतायत. आत कुणीतरी पितंय, गुटूगुटू आवाज येतोय. वेळारानं कुदळ मारली. वारुळातून रक्ताची चिळकांडी उडाली, मनगटापर्यंत हात लाल झाला. आणि आतून आवाज आला. मी अय्यनार. दूध मी पितो. ज्या हाताला माझं रक्त लागलं त्याच हातानं माझे घोडे घडवावेत. तो हात थांबला तर मी पायी फिरणार नाही."

कथा इथं संपते. लोकांनी हात जोडले. आता पालीची वाट बघायची. पण एवढं उघडं ठेवलेलं भोक कुणी पाहिलं नव्हतं आणि दात तर उसात राहिले होते.

तेवढ्यात खल थांबला.

"पुन्हा सांग," अप्पत्ता म्हणाली.

"सगळी?"

"सगळी नको. कुदळ घेऊन कोण गेला?"

"कुप्पन वेळार."

"तो तर चिंचेला बांधलेला."

मी डोकं खाजवलं. "असं म्हणता येईल खरं."

"म्हणता येईल काय? आत्ता या सेवुगननं सांगितलं. तीन दिवस, तीन रात्री, सोडला नाही. बांधलेला माणूस कुदळ कशी मारेल? पायानं?"

"अप्पत्ता, देवाची कथा आहे," राक्कप्पन पुढे आला. "देवानं सोडवलं असेल त्याला."

"मग गाठी कोण मारून ठेवून गेलं? देव?"

"मग कदाचित बांधलंच नसेल."

सेवुगन अंबलमनं हळूच मान वळवली. अगदी शांतपणे विचारलं, "काय म्हणालास?"

राक्कप्पनला आपण कुठं उभे आहोत ते आठवलं. पाठीमागे दोर टांगलेला, गाठींवर सकाळीच लावलेली हळद अजून ओली. "काही नाही," तो म्हणाला.

"मी बोलते," अप्पत्ता म्हणाली. "माती संपलेली. नवरा झाडाला. घरात दुसरं कोण होतं? यानंच सांगितलं ना सुरुवातीला, भट्टी होती आणि बायको होती. भट्टी काही चालत तळ्यावर गेली नसेल."

बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"अप्पत्ता, आमच्या वाडवडिलांनी हात पुरुषाचा सांगितलाय," मी म्हणालो. थोडं तरी भांडल्यासारखं करायला हवं होतं.

"तुझे वाडवडील खोटं बोलले. माझेही बोलले. तुझ्यांना कुदळ सोडवेना, माझ्यांना दोर सोडवेना. दोघं एकाच कथेत बोलले म्हणून सापडले." तिनं माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "नाव काय तिचं?"

"कुणाचं?"

"कुप्पनच्या बायकोचं."

"पेच्ची," मी म्हणालो.

"आजवर कधी सांगितलं नाहीस."

"आजवर कुणी विचारलं नाही."

"आणि तुझ्या सुनेचं मुत्तुपेच्ची."

"आमच्या घरात नावं फिरून येतात."

"फिरून येतात," ती म्हणाली. "पोरी, इकडे ये. त्या राक्कप्पनच्या बायकोची बांगडी मोठी होते. तुझी दे."

मुत्तुपेच्ची पुढे आली. तिनं पदर मागे सारला, एक बांगडी उतरवली आणि स्वतःच घोड्याच्या मानेपाशी जाऊन खुणेत बसवली. शेंगेत दाणा बसावा तशी ती बसली. मग ती तिथंच उभी राहिली, घोड्याच्या मानेवर हात ठेवून.

"किती वर्षं?" अंबलमनं विचारलं.

"सहा."

"एकटीनं?"

"चिखल तुडवायला दोन पाय जास्त असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मामांचे पाय टपरीवर असायचे."

आता हसणं आवरणं कुणाला जमलं नाही. मी धोतराची गाठ तपासत बसलो.

"आमच्या माणसांनी उपास धरले, दंडक पाळले," राक्कप्पन अंबलमला म्हणाला. "आणि ही झावळ्यांमागे बसून देवाला फसवत होती."

"देव फसला का?" अप्पत्तानं विचारलं. "सेवुगा, सहा वर्षांत तळं किती वेळा कोरडं पडलं?"

"एकदाही नाही."

"त्याआधी, याचे हात चालत होते तेव्हा?"

अंबलमनं माझ्याकडे बघितलं आणि माझा मान राखला. "त्याचं नको काढू, अप्पत्ता."

"पण देवानं सांगायला हवं," तो मग सगळ्यांना म्हणाला. "मी सांगून चालणार नाही आणि आत्यानं सांगूनही नाही. कथा बदलली तर होकारही नवा हवा. सगळे गप्प बसा."

सगळे गप्प बसले. अशी शांतता मी त्या देवळात कधी ऐकली नव्हती. दर वर्षी पाल कधी बोलणार हे मला ठाऊक असायचं, म्हणून शांततेकडे लक्ष जात नसे. त्या दिवशी मला काहीच ठाऊक नव्हतं. बाहेर ताडाची पानं घासत होती. कुणाचं तरी लेकरू कुरकुरलं आणि आईनं ते छातीशी घेतलं. राक्कप्पन गाभाऱ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता. माझं तोंड बंद होतं. मुत्तुपेच्चीचा हात घोड्याच्या मानेवर होता आणि तिची बोटं मातीत रुतवल्यासारखी घट्ट झाली होती. मी देवाला मनात म्हणालो, चाळीस वर्षं तुझ्या वतीनं मी बोललो, आज एकदा माझ्या वतीनं तू बोल.

ताडाची पानं थांबली. आणि आतून, दोराच्या खुंटीच्या बाजूनं, आवाज आला.

चुक्. चुक्. चुक्.

सगळ्या गावानं हात जोडले. अंबलम उठला, देवामागे गेला आणि वारुळाची मूठ भरून घेऊन आला. तो मुत्तुपेच्चीसमोर येऊन थांबला तेव्हा तिला काय करायचं ते कळेना. सहा वर्षं तिनं घोडे घडवले होते, पण ओंजळ कशी पसरतात ते तिला कुणी दाखवलं नव्हतं. मी लांबून माझे दोन्ही हात पुढे करून दाखवले. ते थरथरत होते, सगळ्यांनी बघितले, पण आता लपवून काय करायचं होतं. तिनं ओंजळ पसरली. अंबलमनं मूठ सोडली. माती पडली. तिनं ओंजळ हळूच मिटली, पिल्लू धरतात तशी.

राक्कप्पन बायकोची बांगडी खिशात घालून निघून गेला. जाताना मला म्हणाला, "अण्णा, तुमच्या देवळातली पाल मोठी हुशार आहे." मी म्हणालो, "देवाची आहे."

खरं तर मी तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण आनंदात माणसाला शहाणपण राहत नाही. लोक प्रसाद घेऊन पायऱ्यांवर बसले होते, आणि मी अप्पत्ताजवळ जाऊन मोठ्यानं म्हणालो, "बघितलंत, अप्पत्ता? देव स्वतः बोलला."

"हो," ती खलात नवं पान घालत म्हणाली. "छान बोलली पाल. यंदा आवाज जरा म्हातारा वाटला."

"पालीही म्हाताऱ्या होतात."

"होतात. पण चाळीस वर्षांत मी या गाभाऱ्यात एकही पाल बघितलेली नाही, सोलैमलै. एकही नाही. मी बघते, तुला ठाऊक आहे मी बघते."

पायऱ्यांवरचं बोलणं थांबलं. सगळी तोंडं आमच्याकडे वळली. मुत्तुपेच्ची ओंजळ छातीशी धरून उभी होती. मूठ पडली होती, ती आता परत जाणार नव्हती, म्हणून मला भीती नव्हती. राग मात्र आला. आयुष्यात एकदाच मी खरं बोलत होतो.

"मी नव्हतो, अप्पत्ता. हे बघा." मी तोंड उघडून आ वासला, सगळ्यांना दिसेल असा. "पुढचे दोन्ही दात गेलेत. पोंगलला. या तोंडातून पाल निघेल का? दातांशिवाय तो आवाज येतच नाही."

पेरियनायगी अप्पत्तानं खल खाली ठेवला. पदरानं ओठ पुसले. मग माझ्याकडे बघत, ओठ तसूभरही न हलवता, तिनं आवाज काढला.

चुक्. चुक्. चुक्.

"माझ्या तोंडात तर एकही नाही," ती म्हणाली. "त्याला दात लागत नाहीत, सोलैमलै. खोटं तरी नीट बोल."